पत्त्याचा पुरावा

१५ जानेवारी, सोमवार

गिल्वानने आज एझेकियासला सायकलच्या साखळीने मारलं. पाठीवर तीन, मांडीवर एक. कारण काय, तर बँकेचं एक पत्र! पाकिटावर एझेकियासचं नाव आणि या घराचा पत्ता.

घर गिल्वानने एका इथल्या माणसाकडून भाड्याने घेतलंय. करारात चार जण. खरं म्हणजे आम्ही दहा — शिवाय गिल्वान, तो पुढच्या खोलीत एकटा. दार वाजलं तर उघडायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, इथे कुणी राहत नाही. दाराच्या फटीतून टपाल पडतं ते सरळ त्याच्या कुलूपबंद पेटीत. किल्ली त्याच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी.

एझेकियास ओरडला नाही. मला त्याचाच राग जास्त आला. असा कसा माणूस? मी असते तर चावले असते. लिहायला काय जातं म्हणा. जिन्यात उभी राहून बघतच होते ना.

१७ जानेवारी

नोकरी मिळाली. म्हणजे मिळाल्यातच जमा.

बाजारात डोनल ट्वोमीचं मांसाचं दुकान आहे. काचेवर चिठ्ठी होती — माणूस पाहिजे. आत गेले आणि इंग्रजी तोंडात गोळा होऊन बसलं. मग नुसतं सुरीकडे बोट दाखवलं. म्हातारा हसला. कोकराचा अख्खा खांदा माझ्या पुढ्यात टाकला. मी हाडं सोडवली. फासळी, खांद्याचं चपटं हाड, मानेचा मणका. हाडावर मांसाची एक चिंधी ठेवली नाही. इतक्या महिन्यांनी हात आपल्या जागी आल्यासारखा वाटला.

"कुणी शिकवलं गं पोरी?"

"बापाने. चुकलं की पात्याच्या पाठीने बोटांवर मारायचा."

"माझाही तसलाच होता. देव त्याचं भलं करो." मग विचारलं, "पीपीएस नंबर आहे? कामगाराचा सरकारी नंबर?"

नाही.

"मग आण. नंबराशिवाय पगार दिला तर निम्मा सरकारच्या घशात जाईल. आणि चोरून मी कुणाला ठेवत नाही. अकरा मार्चला माझा जुना गडी चाललाय. तोवर थांबतो. बारा तारखेला नाही थांबणार."

दुकानाच्या कागदावर लिहून दिलं — जुसिलेनीला आठवड्याला वीस तास काम देण्यात येत आहे. खाली सही, शिक्का. शिक्क्यावर डुकराचं चित्र. मी तो कागद उशीच्या खोळीत ठेवलाय.

१८ जानेवारी

शाळेत विचारून घेतलं. नंबराला तीन कागद लागतात. पासपोर्ट — आहे. काम कुठे करणार त्याचं पत्र — आहे. पत्त्याचा पुरावा — भाडेकरार ज्याच्या नावावर त्याची चिठ्ठी आणि विजेचं बिल. म्हणजे गिल्वान. सगळं गाडं तिथेच अडतं.

आम्ही सगळे परदेशातून इथे इंग्रजी शिकायला आलेले. वीस तास काम करायची परवानगी आहे, पण नंबर नसेल तर सरळ मार्गाने कुणी कामावर घेत नाही. मग उरतो गिल्वान. तो आम्हाला ऑफिसांचे संडास धुवायला नेतो, खाटेचं भाडं कापून घेतो, उरलेलं हातावर टेकवतो. नंबर आला की पाखरू उडालं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून या घरात आजवर एकाकडेही नंबर नाही.

२१ जानेवारी, रविवार

मागितली चिठ्ठी. सरळ मागितली, जेवणं झाल्यावर, गोड आवाजात.

"नंबर कशाला हवा तुला? मी देतोय ना काम?"

"दुसरीकडे मिळतंय."

त्याने मानेला धरलं आणि तोंड मोरीतल्या खरकट्या पाण्यात दाबलं. आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच — अगदी सावकाश, पोराला शिकवावं तसं. नाकात भाताची शितं गेली. वर काढलं आणि टॉवेल दिला. स्वतःच्या हाताने दिला! "अनापोलिसची पोरगी तू, माझ्याच गावची. तुझं वाईट करीन का मी?"

बाकी सगळे टेबलापाशीच होते. कुणी उठलं नाही. मी तरी कुठे उठले होते सोमवारी?

२२ जानेवारी

त्याला मारीन. मानेच्या बाजूला, जिथे डुकराला मारतात तिथे. कुठे ते मला नीट माहीत आहे.

२६ जानेवारी

मारलं नाही. बिल चोरलं.

स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या बॅटऱ्यांच्या खाली, जानेवारीचं विजेचं बिल होतं. तो व्यायामशाळेत गेला तशी उचललं, कोपऱ्यावर क्रोनिनच्या दुकानातल्या मशीनवर प्रत काढली, धावत परत. बॅटऱ्यांच्या खाली जसंच्या तसं. सगळं मिळून सात मिनिटं.

सही फ्रिजवरच्या कागदावरून उचलली — कुणी कोणत्या दिवशी न्हाणीघर घासायचं, त्याखाली गिल्वानची मोठी फेंगडी सही असते. चाळीस वेळा गिरवली. एकेचाळिसावी त्याच्यापेक्षा चांगली आली, म्हणून ती टाकून बेचाळिसावी घेतली. चिठ्ठीत लिहिलं, जुसिलेनी माझ्या घरी राहते. यात खोटं काय? राहतेच की.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

कचेरीत गेले. काचेमागचा माणूस सर्दीने बेजार.

"ही घर चालवणाऱ्याची सही?"

"हो."

"किती जण राहता?"

"चार."

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नाक शिंकरलं. मला वाटलं, संपलं. पण मुठीएवढा शिक्का उचलून कागदावर आपटला. "नंबर टपालाने येईल. ह्याच पत्त्यावर. फोनवर सांगत नाही, हातात देत नाही. तीन-चार आठवडे."

बाहेर फुटपाथवर आले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्याच पत्त्यावर म्हणजे गिल्वानच्या पेटीत. गाढवे, सही गिरवताना हे कुठे गेलं होतं?

५ फेब्रुवारी

टपाल साडेअकराला येतं. शाळा सकाळची. आज दुपारचा वर्ग मागून घेतला, दात दुखतो म्हणून.

टपालवाली नोरीन. केस तांबडे, चड्डी अर्धी, या थंडीत! मी दार उघडलं तर दचकली.

"अगं बाई. या घरातून कधी कुणी तोंड दाखवत नाही. भुतंच राहतात म्हणायची मी."

मी नाव सांगितलं. दारात उभं राहून, पूर्ण, आडनावासकट. सहा महिन्यांत पहिल्यांदा. "माझ्या नावाचं काही आलं तर पेटीत टाकू नका. माझ्या हातात द्या."

"दाराशी असलीस तर देईन, राणी. नसलीस तर फटीत."

म्हणजे रोज दाराशी असायलाच हवं.

८ फेब्रुवारी

नाही आलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

मार्लुसीला मारलं.

ती माझ्या खालच्या खाटेवरची. चार दिवस बघतेय, साडेअकरा वाजले की ही दारापाशी. सिगरेट ओढायला म्हणे. हिला दमा आहे! तो एडवाल्डोही तिथेच, बुटांच्या नाड्या बांधत बसतो. किती नाड्या आहेत त्या बुटांना? कळतंय मला. गिल्वानने सांगितलंय, घरात कुणी काही लपवत असेल तर येऊन सांगा, आठवडाभर खाट फुकट. माझ्यावर पाळत ठेवलीय यांनी.

आज म्हणाली, "तू का गं रोज दाराशी?" मी कानाखाली दिली. तिने माझे केस धरले, मी तिच्या दंडाला चावले. रक्त आलं. दोघी जिन्यात लोळत होतो आणि दोघींनीही तोंडातून आवाज काढला नाही, पुढच्या खोलीत गिल्वान झोपला होता म्हणून. एझेकियासने येऊन सोडवलं. मला म्हणाला, "जू, ताकद जपून ठेव. इथे नको खर्च करू." तिला त्याने आपला रुमाल बांधला. पाठीचे वळ अजून आहेत त्याच्या, शर्ट चिकटतो.

शांत माणसांची मला फार चीड येते.

१५ फेब्रुवारी

नाही. नोरीन लांबूनच मान हलवते आताशा.

१८ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहायचं. जसं झालं तसं.

दुपारचे बारा-साडेबारा. रविवार, म्हणून सगळे घरात. कुकरमध्ये घेवडा. मी केल नावाच्या पालेभाजीची पानं चिरत होते, बारीक, आईसारखी. गिल्वान बाहेरून आला. हातात विजेचं बिल.

"क्रोनिन म्हणाला, तुमचं बिल आमच्या मशीनमध्ये राहिलं होतं. काचेखाली. काल-परवा कुणीतरी प्रत काढली आणि मूळ कागद तिथेच विसरलं." अगदी हळू बोलत होता. "कुणी?"

दहाच्या दहा जणांना भिंतीशी उभं केलं.

मी ते बिल बॅटऱ्यांच्या खाली ठेवलं होतं. मला आठवतंय! आणि ते तीन आठवड्यांपूर्वी. पण त्या क्षणी काहीच आठवेना. ठेवलं होतं की ठेवलं असं वाटलं? खणात प्रत ठेवून मूळ मशीनमध्ये? क्रोनिनच्या 'काल-परवा'चा काय भरवसा, म्हाताऱ्याला वार कळत नाहीत. मीच विसरले असणार. दुसऱ्या कुणाची छाती आहे या घरात?

"सांगा. नाहीतर सगळे आज रस्त्यावर. सामान नदीत."

मार्लुसी जमिनीकडे बघत होती. एडवाल्डोचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असेल. माझ्या हातात सुरी होती. लिहून ठेवते — माझ्या हातात सुरी होती, चांगली धारेची, आणि तो माझ्यापासून दोन पावलांवर.

एझेकियास पुढे झाला. "मी नेलं."

गिल्वानने कुकर उचलून बाजूला ठेवला. खालची विजेच्या शेगडीची तबकडी लालभडक. एझेकियासचा उजवा हात मनगटाला धरला आणि तळवा तबकडीवर दाबला. आणि मोजलं. एक. दोन. तीन. त्या दिवशीसारखंच. पाचपर्यंत.

या खेपेला तो ओरडला. तो आवाज मी लिहू शकत नाही. वास लिहू शकते, पण लिहिणार नाही.

मी काय केलं? पानं चिरली. देवाशप्पथ. हात आपोआप चालत होता. चिरून झाली तेव्हा कळलं की अंगठ्याचं टोकही गेलंय.

१९ फेब्रुवारी

गिल्वानने दाराच्या टपालाच्या फटीवर लोखंडी पट्टी ठोकली. आठ खिळे. "आता या घरात पत्र येणार नाही. काम सकाळी आठ ते एक, सगळ्यांनी, रोज. दाराशी कुणी रेंगाळलेलं दिसलं तर दुसरी शेगडीही आहे."

२१ फेब्रुवारी

एझेकियासचा हात सुजून हिरवट झाला. बळेच इस्पितळात नेलं. डॉक्टरीण तरुण, डोळे चांगले.

"हे कसं झालं?"

"शेगडीवर तोल गेला," एझेकियास आपल्या भाषेत म्हणाला. तिला इंग्रजीत मीच सांगितलं. त्याचं खोटं मी माझ्या तोंडाने केलं.

"तोल गेला की माणूस हात उचलतो," ती म्हणाली. "हा पाच सेकंद तरी टेकलाय." ती माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत राहिले. दोन बोटं वळतील की नाही सांगता येत नाही म्हणाली.

येताना पुलावर त्याला विचारलं. "बिल खरंच तू नेलं होतंस?"

"घेवडा करपत होता, जू."

"मस्करी नको."

"मस्करी कुठे. कुणीतरी बोललं नसतं तर जेवण गेलं असतं सगळ्यांचं." हसला. तोंड पांढरंफटक, आणि हसतोय. मी त्याला जोरात ढकललं. दुखऱ्या बाजूला. मग तिथेच रडत बसले, आणि तो डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत होता. मला!

नेलंही असेल त्यानेच. त्यालाही नंबर हवाच असणार. हो, त्यानेच नेलं असेल. तसंच असू दे.

२६ फेब्रुवारी

सायकल चालवता येत नाही एझेकियासला, ब्रेक धरता येत नाही. गिल्वान म्हणतो, एका हाताने संडास घासता येतो.

१ मार्च, शुक्रवार

कामावरून येताना नोरीन भेटली, चढावर, ढकलगाडी घेऊन. मी धावले.

"पट्टी ठोकलीत दाराला. मी काय भिंतीतून टाकू? तुमच्या घराचं सगळं परत डेपोत जातंय."

"माझं आलंय?"

"मला बघायची मुभा नाही, राणी. रस्त्यात द्यायचीही नाही. पासपोर्ट घेऊन डेपोत जा. रोज सकाळी उघडं, एकपर्यंत. शनिवारीसुद्धा."

सकाळी आठ ते एक. गिल्वानच्या बादल्या.

२ मार्च

आज शनिवारीही नेलं कामाला. त्याला वास लागलाय की काय?

५ मार्च

डोनलच्या दुकानावरून गेले. आत नाही गेले. त्यानेच हाक मारली. "सोमवारी येतेस ना पोरी? दुसरी एक पोरगी विचारून गेलीय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही."

"येते."

"नंबर?"

"येतो आहे."

त्याने मला डुकराच्या रक्ताचं सॉसेज बांधून दिलं. आज मी आणि एझेकियासने शाळेच्या पायरीवर बसून कच्चंच खाल्लं, शिजवायला घरी न्यायचं नाही म्हणून. डाव्या हाताने खाताना तो पोरासारखं सांडतो. त्याला सांगायचं होतं. सगळं — सही, कचेरी, चार जण. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मीठ कमी आहे."

माझ्यासारखी नीच बाई मी पाहिली नाही.

८ मार्च

उद्या कामाला जाणार नाही. मारू दे. मान धरली तर यावेळी माझाही हात मोकळा असेल.

९ मार्च, शनिवार

पहाटेच खिडकीतून उतरले. डेपो उघडायच्या आधी दीड तास दारात उभी.

माणूस जाडा, चष्म्यावाला. पत्ता सांगितला तर सुस्कारा सोडला. "ते घर होय? पट्टीवालं?" आतून रबर लावलेला गठ्ठा आणला. सगळी एकसारखी तपकिरी पाकिटं, कोपऱ्यात वीणेचं चित्र. त्याच कचेरीची. मला वाटलं, चुकीचा गठ्ठा आणलाय.

"तू यातली कोणती?" आणि एकेक नाव वाचून बाजूला ठेवायला लागला. आमची नावं त्याच्या तोंडात धड बसत नव्हती. "एड-वॉल्डो? नव्हेस. मार-लूस?" सिडनेई. सिडमार. माझ्या वरच्या खोलीतल्या तिघी. म्हणजे यांनीही माझ्यासारखाच चोरून अर्ज केला होता. आठवं माझं. "अजून एक आहे" म्हणाला, आणि तेही वाचलं — न्हाणीघराशेजारी झोपणारा अबोल वाल्देसी. नऊ.

घरात आम्ही दहा.

एझेकियासचं नाव त्याने वाचलं नाही. मी पुन्हा बघायला लावलं. मग तिसऱ्यांदा. "नाही गं बाई, त्या नावाचं इथे काही आलेलंच नाही."

माझा नंबर घेतला. बाकीची आठ तो देईना, ज्याचं त्याने न्यायचं म्हणाला. बरोबर आहे.

उद्या रविवार. सगळे जेवायला घरी असतील. गिल्वानही. मी आठ नावं सगळ्यांच्या समोर मोठ्याने वाचणार आहे, आणि नववं माझं.

१० मार्च

नावं वाचून झाली तेव्हा आम्ही नऊ होतो. गिल्वान एक, तोंड मोरीतल्या पाण्यात. पाचपर्यंत मोजायची पाळी आमची होती, आणि एझेकियास मध्ये पडला नसता तर आम्ही पाचावर थांबलो नसतो.